दिवाबत्तीची घरं

रत्नागिरी,
ता. २१ ऑगस्ट १९८६

चि. आत्माराम यास अक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. परवा नारळी पौर्णिमा झाली. मांडवीवर जाऊन समुद्राला नारळ दिला, तुझ्या नावाचाही एक दिला. गुडघा कुरकुरतो. नोकरीत जन्मभर दुसऱ्यांचे गुडघे शेकले, आता स्वतःचा शेकते. तुझ्या खोलीवरची कौलं वैशाखात परतून घेतली, त्यामुळे कोपऱ्यात गळायचं ते बंद झालं. तुझ्या खोलीचा विषय पुढे येणार आहे, म्हणून आधी तिची चांगली बातमी सांगून ठेवली.

गेल्या जूनमध्ये मी दवाखान्यातून निवृत्त झाले हे तुला कळवलं होतं. घरी बसून काय करतेस, असं तू विचारलं नाहीस, पण सांगते. लष्कराच्या भाकऱ्या भाजते.

नोकरीच्या शेवटच्या दिवसांत माझ्या वॉर्डात सोनूबाई नावाची एक म्हातारी होती, पूर्णगडकडची. मांडीचं हाड मोडून आलेली. नवरा गेल्यावर दिरांनी घराला कुलूप घातलं, तेव्हापासून ती एस. टी. स्टँडावर राहायची. हाड जुळल्यावर मी सवयीने विचारलं, न्यायला कोण येणार? म्हणाली, कोण येनार, मी आपली जातंय स्टँडावर. तीस वर्षं मी माणसांच्या हातात कागद देऊन "जा आता घरी" म्हणत आले. त्यातली किती खरंच घरी गेली, ते देवाला ठाऊक.

तिथे थंडीचा त्रास होत असेल ना, असं तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "थंडी सोसवते, बाय. वळखीची मानसं आपल्याला बगून वाट बदलतात ना, ते सोसवत नाय."

त्या दिवशी पुढच्या खाटेवरच्या बाईचा ताप मी दोनदा मोजला. पहिल्यांदा काय आकडा आला ते लक्षातच राहिलं नाही.

आपल्या आळीतली निम्मी घरं बंद असतात, हे तुला माहीत आहे. माणसं मुंबईला, देव इथे. शेजारपाजारचं कुणीतरी दिवा लावतं, तेही तीन दिवस लावतं आणि चार दिवस विसरतं. गेल्या दिवाळीत सावित्रीवहिनी परळहून आल्या, तर वाशांना वाळवी आणि देव अंधारात. त्या ओटीवर बसून रडत होत्या. मी म्हटलं, तुमच्या पडवीत राहायला माणूस देते. दोन्ही वेळेला दिवा लावेल, केर काढेल, वाळवीवर नजर ठेवेल. तुम्ही पगार द्यायचा नाही, तिने भाडं द्यायचं नाही.

वहिनींनी डोळे पुसले आणि पहिला प्रश्न विचारला, उद्या ती कूळ म्हणून बसली तर? आपल्याकडे साप म्हटलं तर लोक काठी शोधतात, कूळ म्हटलं की वकील. मी म्हटलं, किल्ली माझ्या जबाबदारीवर राहील. दर रविवारी मी घर बघून जाईन. आणि तुम्ही गणपतीला याल तेव्हा घर मोकळं मिळेल, हा माझा शब्द. मग दुसरा प्रश्न, बाई कुणातली? मी म्हटलं, दिव्याला तेल कळतं, वहिनी, दुसरं काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

सोनूबाई आता तिथे राहते. पहिल्या रविवारी गेले तर देवघर लखलखत होतं आणि ही पडवीत बोचकं उशाशी घेऊन निजलेली. अजूनही तशीच निजते. सोड ते बोचकं, म्हटलं तर हसते.

एक घर झाल्यावर दुसरं मागायला धीर आला. विठू हातखंब्याला खानावळीत स्वयंपाक करायचा. डोळे अधू झाले आणि मालकाने काढलं, तोही स्टँडावर आला होता. त्याला वरच्या अंगाचं घर मिळालं. रस्त्याकडेची झोपडी गेलेल्या भागोजी आणि राहीला, त्यांच्या तान्ह्या मुलीसकट, विहिरीजवळचं. दोन्ही मालकांना मी पत्रं लिहिली, त्यांच्या मनातली भीती ऐकून घेतली आणि तोच शब्द दिला. गणपतीला घर मोकळं मिळेल.

आता तुझी अक्का किती शहाणी ते ऐक. सोमवारी तिन्ही घरमालकांची कार्डं एकाच टपालात आली. तिघंही पाच सप्टेंबरला पोचतात. अरे, सगळी मुंबई गणपतीला एकदमच येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मात्र प्रत्येकाला वेगवेगळा शब्द देत गेले आणि तिन्ही घरं एकाच दिवशी रिकामी करायची आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आधी हसले. मग हसू आलं नाही.

शब्द मोडता येत नाही. एकदा मोडला तर या गावात मला पुन्हा कुणी किल्ली देणार नाही, आणि स्टँडावर अजून माणसं आहेत. सोनूबाईला सांगायला गेले, तर तिला ते कधीच कळलेलं. तिने वळकटी बांधून ठेवली होती.

"तू जिवाला लावून घेव नको," ती मला म्हणाली. "आठ दिसांचाच परश्न हाय. स्टँडावरची जागा माज्या वळखीची हाय."

— — —

ता. २२

काल इथवर लिहून कागद मिटला. पुढचं लिहायचं होतं, पण गुडघा दुखतोय असं स्वतःला सांगितलं. गुडघा दुखत नव्हता.

विठू मंगळवारी आपल्या घरी फणसाच्या आठळ्या घेऊन आला होता. भिंतीला हात लावत लावत चालतो. तुझ्या खोलीशी आला तेव्हा हाताला कुलूप लागलं. विचारलं, ही खोली कुनाची, बाय? मी म्हटलं, भावाची, तो येणार आहे. कदी? मी त्याच्या हातातल्या आठळ्या घेतल्या आणि चुलीकडे वळले. वर्षभर लोकांच्या दारात जाऊन मी बंद घरं उघडायला सांगत होते आणि माझ्याच माजघराला लागून आठ वर्षांचं कुलूप. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तुझी परवानगी मागायला हे पत्र लिहायला घेतलं खरं, पण कुलूप मी बुधवारीच काढलं. सोनूबाई, राही आणि तिची मुलगी तुझ्या खोलीत राहतील. विठू आणि भागोजी ओटीवर. तुझा सदरा खुंटीला होता, तो धुऊन वाळत घातला. राग आला असेल तर तो घेऊन इथे ये आणि समोर काढ.

आणखी एक गोष्ट आहे. ती आठ वर्षं माझ्याजवळ आहे.

कार्तिकातल्या त्या संध्याकाळी तू पिऊन आलास आणि मी तुझी ट्रंक ओटीवर ठेवून आतून कडी लावली. त्या कडीबद्दल मी माफी मागत नाही. तू तसा आलास तर आजही लावीन. तू दारू सोडल्याचं सावित्रीवहिनींनी सांगितलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती.

पण तू तीन दिवस स्टँडावर होतास हे मला माहीत नव्हतं, असं तुला वाटतं ना? मला माहीत होतं. पहिल्याच सकाळी ड्यूटीवर जाताना मी तुला पाहिलं. देवरूखच्या फलाटासमोरच्या बाकावर तू ट्रंकेवर डोकं ठेवून बसला होतास, मी विणलेला तपकिरी स्वेटर घालून. मी हाक मारली नाही. नर्सबाईचा भाऊ स्टँडावर बसलाय, हे कुणी पाहील याची मला लाज वाटली. पुढचे दोन दिवस मी मागच्या गल्लीने दवाखान्यात गेले. चौथ्या दिवशी धीर करून स्टँडावरून गेले, तेव्हा बाक रिकामा होता.

आणि आत्मा, मला सुटल्यासारखं वाटलं.

कडी लावली ते तुझ्या दारूमुळे. वाट बदलली ती माझ्यामुळे. सोनूबाई वॉर्डात बोलली ते तिच्या ओळखीच्यांविषयी. ती माझ्याविषयीच बोलत होती, हे तिला अजून माहीत नाही. तुझ्यानंतर तिलाही सांगणार आहे.

दर वर्षी गणपतीला तुझं कार्ड येतं, "रजा नाही". दर वर्षी मी ते खरं मानल्यासारखं करते. यंदा तसं लिहू नकोस. यायचं नसेल तर "यायचं नाही" असंच लिही, मी ते वाचीन. पण आलास तर मला फार बरं वाटेल. ओटीवर विठूशेजारी झोपावं लागेल, तो घोरतो. राहीची मुलगी कुणाच्याही अंगाखांद्यावर चढते. यंदाची आरती तू म्हण, माझा आवाज आता वर जात नाही.

मुंबईची गाडी पहाटे येते. उतरलास की घराकडे चालू लागू नकोस. देवरूखच्या फलाटासमोर तो बाक अजून आहे, तिथे बस. पाच आणि सहा तारखेला, दोन्ही दिवस, मी स्टँडावर येणार आहे. तू असशील तरी, नसशील तरी.

पुढच्या रस्त्याने, सगळ्यांच्या देखत येणारी,
तुझी अक्का
मथुरा