नाताळापुरती जाड तार

प्रिय पप्पा,

सलाम. तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहायला दोनदा बसले आणि दोन्हीदा रडून वही मिटली. आज रडू येत नाहीये, राग आलाय. म्हणून लिहून होईल असं वाटतं.

गेल्या आठवड्यात मार्थाआत्या म्हणाली, "रूथ, वर कायतरी जळल्यावानी वास येतोय गं." तुमची बहीण कशालाही घाबरते, म्हणून आधी मी हसण्यावारी नेलं. मग मेन स्विच पाडून शिडी लावली. दिव्यांकडे जाणाऱ्या जुन्या वायरचं रबर वितळलं होतं आणि खालची लाकडी पट्टी हातभर काळी पडली होती. बरोबर तिच्याखाली आत्याची खाट! फ्यूज ओढून पाहिला, तर आत तांब्याची तीनपदरी तार. तो पीळ मी कुठंही ओळखला असता. तुमचाच होता.

नाताळ जवळ आला की आपल्या आळीत घरोघरी कागदी चांदणी लागायची. चांदणी, माळा, आणि पाहुण्यांच्या अंघोळीसाठी पाण्याचा रॉडसुद्धा त्याच दिव्यांच्या लाइनवर. फ्यूज उडणार नाही तर काय! मग "गुरुजींना बोलवा". तुम्ही जायचात, बारीक तार काढून जाड तार बांधायचात आणि म्हणायचात, "नाताळापुरतंच हं, जानेवारीत काढून टाकू." किती जानेवारी आले नि गेले, पप्पा? एकदा तरी शिडी घेऊन परत गेलात?

"गुरुजींनी बांधून दिलेला फ्यूज कधी उडत नाही," अशी बढाई मीही मारायचे. नगरला आयटीआयत वायरमनचं शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की तो आपल्यासाठीच उडतो. फ्यूज वितळला नाही तर वायर वितळते. तुम्हाला तेव्हाच विचारायला हवं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. माझी चूक तिथली.

पारनेरहून सामान आणून आत्याचं घर नव्यानं केलं. दिव्यांची लाइन वेगळी, तिला भार वाढला की आपोआप पडणारा तिचा छोटा एमसीबी. रॉडला स्वतंत्र जाड वायर. अर्थिंग केलं, शॉक लागला तर वीज तोडणारा स्विच बसवला. आत्यानं विचारलं, "काय झालतं गं?" मी म्हणाले, "वायर जुनी झाली होती." खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. पुढच्या दोन घरांतही तीच तार निघाली आणि तिथंही मी तेवढंच सांगितलं.

आज योसेफकाकांकडं गेले. तुमचे दोस्त, मला बोर्डाला हातच लावू देईनात.

"त्यो तुज्या बापानं बांदलाय. इतकी वर्सं झाली, एकदा बी उडला न्हाई."

"म्हणूनच काढायचाय, काका."

"म्हंजी?"

मी स्टुलावरून खाली उतरले. "पप्पांचं चुकलं होतं," म्हणाले. तुमच्याबद्दल हे वाक्य जन्मात पहिल्यांदा तोंडातून निघालं. 

काका बोर्डापुढून बाजूला झाले. मग म्हणाले, "त्यो मला म्हनला हुता, रॉड लावू नगं, घर पेटंल. मीच आयकलं न्हाई. मीच म्हनलं, जाड बांद."

घरी आले आणि आपला फ्यूज उघडला. आत बारीक तार! अगदी हवी तशी. म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल कसं? सगळी आळी झगमगायची आणि आपण दरवर्षी फ्यूज उडाला म्हणून मेणबत्ती लावून जेवायचो. आई कुरकुरायची, तुम्ही हसत पुन्हा बारीकच तार बांधायचात. आईला "नाही" म्हणता येत होतं, मग लोकांनाच का नाही? भीड भिकेची बहीण, असं आई म्हणायची ते तुम्हालाच ना? आत्या तुमच्यावर एवढा जीव टाकायची, तिच्या उशाशी तुम्ही हे ठेवून गेलात. मला तेच सोसत नाही.

यंदा तुमच्याविना पहिला नाताळ. त्याआधी आळीतलं एकेक घर घेणार आहे. प्रत्येक ठिकाणी तुमचं नाव घेऊन सांगेन, की हे चुकलं होतं. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. कुणी "चार दिवसांपुरतं जाड बांद" म्हणालं, तर तोंडावर नाही म्हणेन. तुमच्याच्यानं झालं नाही ते माझ्याच्यानं होईल, असं वचन देते. उद्या सकाळी पहिल्यांदा आत्याकडं जाते, राहिलेलं अर्धं सांगायला. ती रडेल, मलाही बोलेल. माझी तुमच्यावरची माया तसूभरही कमी झालेली नाही, पप्पा. पण तुमच्या हातचा एकही फ्यूज मी या आळीत ठेवणार नाही.

तुमचीच,
रूथ