पुराव्याअभावी वगळले

३ नोव्हेंबर
पुण्याहून आधी सामान आलं, मागोमाग मी. नागपूरजवळच्या कोराडीत, वीजकेंद्रालगत एक ऐसपैस खोली मिळालीय. घरमालक बाबाराव वीजकेंद्रातून निवृत्त; रंभाबाई त्यांच्या सौभाग्यवती आणि तहहयात वरिष्ठ अधिकारी. मुलगा सुशील हिंगण्याला कारखान्यात पाळीवर जातो. खिडकी उघडली की टेबलावर राख बसते. रंभाबाई म्हणाल्या, पुसू नका जी, पुसल्यावर अजून येते. पहिल्याच जेवणात पाटवडीच्या रश्श्याने डोळ्यांत पाणी आणलं. त्यांना वाटलं, मला घरची आठवण आली.

नोकरी घरबसल्या. चार्टवर पहिल्या क्रमांकावर गेलेल्या रॉक कलाकारांच्या याद्या इंटरनेटवर अचूक ठेवायच्या. रंभाबाईंनी विचारलं, काहून? म्हटलं, पगार मिळतो म्हणून.

६ नोव्हेंबर
कामात मजा येतेय. नियम एकच: प्रत्येक नावामागे दोन स्वतंत्र संदर्भ. नसतील तर नाव काढायचं आणि शेरा मारायचा, पुराव्याअभावी वगळले. जगभरचे भक्त आपापल्या देवाला पहिल्या क्रमांकावर बसवून जातात. मी पाठोपाठ मूर्ती उचलते. माझी साहेब मयुरा, वयाने माझ्या निम्मी, फोनवर म्हणाली की माझा हात फार स्वच्छ चालतो. वर्तमानपत्रात उभा जन्म दुसऱ्यांची वाक्यं कापली, तिथे कुणी असं म्हणालं नव्हतं.

९ नोव्हेंबर
यादीत चक्क नागपूरचा बँड! ‘फ्लाय ॲश’, म्हणजे इथली वीजकेंद्राची उडती राख. २००८ साली संगीताच्या एका संकेतस्थळावर आठवडाभर पहिला. गिटार आणि गायन: सुशील. आमचाच सुशील. ते संकेतस्थळ कधीच बंद पडलंय. उरलंय एक कात्रण, जेवणाच्या खोलीत चौकट करून लावलेलं. एकच.

संध्याकाळी त्याला सांगितलं. हेल्मेट हातात धरून उभाच राहिला. म्हणाला, ताई, एक ओळच त आहे ना जी, कोनाचं काय जाऊन राहिलं? मले तेवढंच आहे. बाबाराव म्हणाले, अगा, नियम म्हणजे नियम. गिटार खाजवत बसला नसता त आज सुपरवायझर असता. रंभाबाई नवऱ्यावर कडाडल्या, पोराच्या ताटात भाकर वाढली. मी हसत म्हटलं, दुसरा पुरावा आण, लगेच ठेवते.

मग खोलीत येऊन नाव काढलं. शेरा मारला.

१० नोव्हेंबर
सकाळी मोटरसायकलचा आवाज आला नाही. ताटं तीनच. सुशील कुठे, विचारलं. रंभाबाई म्हणाल्या, कोन सुशील जी? आमाले लेकरूबाळ नाही. वाढता हात जरासुद्धा थांबला नाही. थट्टा असेल म्हणून बाबारावांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते.

कात्रण भिंतीवर आहे. फोटोत ड्रमवाला आहे, कीबोर्डवाला आहे. गिटारवाल्याच्या जागी नुसती मागची भिंत. मजकुरात नाव आहे. फिकं, पण आहे.

११ नोव्हेंबर
नाव परत घातलं. उत्तर आलं: दुसरा संदर्भ द्या. हिंगण्याला गेले. कंपनीच्या बसपाशी त्याच्या पाळीतल्या माणसांना विचारलं. असा कोणी नाही म्हणाले. मॅडम, चहा घेऊन राहिलो, तुमी बी घ्या, बरं वाटंल.

आणि याआधी मी काढलेली नावं? त्यांच्याही घरी कोणी एक ताट कमी वाढत असेल —

१२ नोव्हेंबर
रंभाबाई वरच्या, सुशीलच्या रिकाम्या खोलीत उभ्या. काहून आली, म्हणे, मलेच समजून नाही राहिलं. पदराने डोळे पुसत होत्या. कशासाठी, तेही त्यांना माहीत नव्हतं.

मला माहीत होतं. खाली येऊन संदर्भाच्या रकान्यात लिहिलं: मी स्वतः पाहिला.

१३ नोव्हेंबर
उत्तर: या साक्षीदाराची पडताळणी होत नाही. साक्षीदारासाठी दोन स्वतंत्र संदर्भ द्या.

मयुराला फोन केला. तिने फार नम्रपणे विचारलं, आपण कोण बोलताय.

१४ नोव्हेंबर
ताटं दोन. मी दाराच्या चौकटीत उभी — रंभाबाई शेजारणीला सांगत होत्या, खोली रिकामीच आहे वं, कोनी चांगलं भाडेकरू असंल त सांग. माझ्यातून आरपार बघत.

ओरडले. बाबारावांनी पंखा कमी केला.

१५
माझं राहू दे. सुशीलचं बघायचं. ही वही — हाताने लिहिलेली, परक्या बाईने. ना नातं, ना गोतं. म्हणजे स्वतंत्र. एक कात्रण, एक वही. झाले दोन. रंभाबाईंच्या हाती लागली तर —

तारीख
सुशील. रंभाबाई आणि बाबारावांचा मुलगा. उंच. कांदा बुक्कीने फोडायचा. जिना चढताना गुणगुणायचा, आईने हाक मारली की गप्प. मी ऐकलंय. बाई, तुम्ही त्याला भाकर वाढलीत, मी पाहिलंय, तुम्हाला मुलगा —

अक्षरं फिकट पडतायत. लवकर.

निनावी मजकूर धरत नाहीत. खाली लिहिणारीचं नाव पाहिजे. पूर्ण नाव. लिहिते. माझं नाव