बेंबी असलेली गोटी आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, चष्म्याच्या दुकानाची निवृत्त मालकीण, अविवाहित, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर, दिवसाच्या चांगल्या उजेडात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही की गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. तसे करू पाहणाऱ्या एका गृहस्थांचा समाचार पुढे कलम चारमध्ये घेतला आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. कागदपत्रे आवरून ठेवलेली बरी, असेही तेच म्हणाले, आणि मी दोन्ही वाक्ये नीट ऐकली. वकीलबाईंनी कायद्यापुरते तपासायचे, बाकीचे शब्द माझे तसेच ठेवायचे, असे आमचे ठरले आहे. "फार लांबलं तर?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "बाई, मी काही रोज मरणार नाही. एकदा लांबलं तर लांबू द्या."

कलम १. घर आणि दुकान

दुकानावरच्या या दोन खोल्या आणि खालच्या दुकानातला माझा अर्धा वाटा मी माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, देत आहे. दुकान आता तीच चालवते. तिने नजर तपासायचे नवे यंत्र आणले तेव्हा मी नाक मुरडले होते. यंत्र चांगले आहे, हे इथे लेखी देते. तोंडी देणार नाही.

न्हाणीघरातला नळ उजवीकडे फिरवून मग थोडा मागे घ्यावा लागतो. जोर लावला तर हातात येतो. जिन्याची वरून दुसरी पायरी करकरते, ती दुरुस्त करू नये. तिच्यामुळे कोण आले ते दार वाजण्याआधी कळते, आणि नको असलेल्या माणसासाठी झोपेचे सोंग घ्यायला वेळ मिळतो.

कलम २. शिल्लक आणि आभार

रुग्णालयाचे सगळे भागवून बँकेत जे उरेल ते भाचीचेच. तिने त्यातून आधी स्वतःसाठी चांगले बूट घ्यावेत. दिवसभर काउंटरमागे उभे राहून तिच्या टाचा दुखतात, पण सांगत नाही. या बाबतीत बापावर गेली आहे.

शेजारच्या सिस्टरबाईंना मी काहीही ठेवलेले नाही. त्या साक्षीदार म्हणून सही करणार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलबाईंनी बजावले आहे. गेला हिवाळाभर या बाईंनी दवाखान्याची ड्यूटी करून आल्यावर माझे पाय चेपले, गोळ्या मोजून दिल्या आणि माझी किरकिर ऐकली. त्यांचे आभार मी इथे मानते. आभारांना कायद्याची आडकाठी नाही.

कलम ३. भिंग आणि खुर्ची

माझे पितळी भिंग भाचीला. दुकानातली उंच पाठीची खुर्ची, जिच्यावर गिऱ्हाइकांना बसवून मी उभा जन्म नजरा तपासल्या, ती जुन्या बाजारातल्या बरणीवाल्याला. तो अजून लाकडी खोक्यावर बसतो आणि उठताना गुडघ्यांना शिव्या देतो. खुर्ची का, ते सांगते.

निवृत्त झाल्यावर मी फुलांचा नाद धरला. फुलदाणीत देठ उभे राहावेत म्हणून तळाशी टाकायला जुन्या बाजारातून काचेच्या गोट्यांची एक बरणी घेतली. बरण्या विकणारा तो म्हणाला, "चष्मेवाल्या बाई ना तुम्ही? मग भिंग असेलच घरी. पाण्यात टाकायच्या आधी एकेक बघून घ्या, नाहीतर मागनं मला शिव्या द्याल."

पाहिल्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या गोटीच्या पोटात पांढऱ्या धाग्यांची वेणी होती आणि तिच्याभोवती लाल-निळे पट्टे पीळ देत गेले होते. मी ती उजेडात फिरवत राहिले. मग लक्षात आले की तिच्या दोन्ही टोकांना एकेक खरखरीत ठिपका आहे. म्हटले, माल खराब निघाला. तशीच उठून तक्रार घेऊन गेले. बरणीवाला पोट धरून हसला.

"बाई, ती खराबी नाही. पूर्वी तापलेल्या काचेची कांडी ओढायचे, पीळ द्यायचे, आणि गोल करून एकेक गोटी कापून काढायचे. जिथनं कापली तिथं खूण राहिली."

"म्हणजे बेंबी की!"

"बेंबी म्हणा. यंत्राच्या गोटीला ती नसते."

त्या दिवसापासून फुले बिनआधाराची झाली आणि मी गोट्यांच्या नादी लागले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. आत बुडबुडा दिसला की मी म्हणायची, "ही शंभर वर्षांची!" बरणीवाला शांतपणे सांगायचा की बुडबुडे आजच्या काचेतही असतात. सोड्याच्या बाटलीतली हिरवट गोटी मी रुमालात गुंडाळून नेली, तर म्हणाला, "जपून ठेवा, पण खेळायची नव्हे ही, बूच आहे." ज्या वयात लोक मला फक्त औषधांची नावे शिकवत होते, त्या वयात या माणसाने मला एक नवी विद्या दिली. खुर्ची त्यासाठी आहे. ती त्याच्याकडे पोचवताना टांग्यासारखी डुगडुगणार नाही, असे पाय घट्ट करून द्यावेत.

कलम ४. गोट्या

सगळ्या गोट्या भाचीला. त्या काचा ठेवायच्या जुन्या कपाटात, तीन खणांत आहेत. ती नवशिकी आहे आणि गोड बोलणारे टपलेले आहेत, म्हणून ओळख इथेच सांगून ठेवते.

वरच्या खणात हातच्या गोट्या. यांना बेंबी असते, कधी दोन्ही टोकांना, कधी एकाच. पोटातला पीळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. ताटात सोडली तर जरा वाकडी चालते, कारण हात कितीही बसलेला असला तरी पुरा गोल करत नाही. पण नुसत्या बेंबीवर भाळू नकोस. आजही हौशी कारागीर हाताने गोट्या करतात आणि त्याही सुंदर असतात. जुनीच्या अंगावर खेळाच्या खुणा दिसतात, बारीक ओरखडे, नखाच्या कोरीएवढ्या चंद्रकोरी. कितीतरी पोरांनी नेम धरला असेल तेव्हा त्या उमटल्या.

मधल्या खणात यंत्राच्या. अंग सगळीकडे सारखे, बेंबी नाही. काहींवर कपड्याच्या शिवणीसारखी रेघ दिसते. पारदर्शक काचेत मांजराच्या बुबुळासारखे रंगीत पाते असेल तर ती तुझ्या पिढीची, फार तर माझ्या. त्यांना कमी लेखू नये. लहानपणी मी आणि माझा धाकटा भाऊ याच गोट्यांनी खेळलो आणि तो हरला की रडायचा.

खालच्या खणात मला न कळलेल्या. त्या तू ओळख.

संग्राहक मंडळाच्या अध्यक्षांना मी त्यांचीच वस्तू परत देत आहे. मी नवीन असताना त्यांनी "ताई, तुम्ही घरच्या म्हणून सांगतो" असे म्हणत मांजरडोळ्याची एक गोटी दीडशे वर्षांची सांगून माझ्या गळ्यात मारली. आता मी आजारी पडल्यावर संत्री घेऊन येतात आणि वरच्या खणाकडे बघत माझ्या तब्येतीची चौकशी करतात. गोटी लखोट्यात आहे. तिच्याकडे त्यांनी दीडशे वर्षे पाहावे. संत्री गोड होती, त्याबद्दल आभार.

कलम ५. माझा धाकटा भाऊ

हा खालच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासतो. लहानपणापासून मी त्याला घाश्या म्हणते. आमच्यात सात वर्षे अबोला आहे. एकाच इमारतीत, एकच जिना, पण तो वर येत नाही आणि मी मागच्या खोलीत जात नाही.

कारण ती पहिली मोठी गोटी. माझ्या वाढदिवसाच्या आधी त्याने ती गुपचूप नेली, काच घासायच्या वाटीसारख्या साच्यात बारीक पूड घालून दिवसचे दिवस फिरवली, आणि चष्म्याच्या फडक्यात बांधून आणली. चेहरा नुसता फुललेला. "ताई, बघ! एक ओरखडा ठेवला नाही!"

खरेच ठेवला नव्हता. चंद्रकोरी गेल्या होत्या आणि दोन्ही बेंब्या गेल्या होत्या. गोटी पाण्याच्या थेंबासारखी दिसत होती आणि तिच्या जन्माची एकही खूण तिच्या अंगावर उरली नव्हती. मी म्हटले, "घाश्या, हात आहेत की कानस?" दुकानात गिऱ्हाइके होती, त्यांनीही ऐकले. त्याने फडके घडी करून ठेवले आणि मागच्या खोलीत गेला.

गोटीबाबत माझेच बरोबर होते आणि आजही आहे. काचेवर ओरखडा दिसला की तो घालवायचा, हेच त्याला आयुष्यभर ठाऊक. त्याने दुसरे काय करायचे होते? पण ही अक्कल मला उशिरा आली, आणि तोवर दोघांच्याही माना ताठ झाल्या होत्या.

आता आभार. या सात वर्षांत माझा नंबर दोनदा बदलला. भाची दर वेळी नवा चष्मा आणून म्हणाली, "आत्या, यंत्रावर केल्या काचा." मी ऐकून घेतले. ती गेल्यावर भिंग लावले. यंत्राची कड सगळीकडे सारखी असते. या काचांची खालची कड हाताने मारलेली होती, उजव्या गालाकडे जरा जास्त, कारण तिथे माझे हाड वर आहे आणि चष्मा टोचतो. हे जगात एका माणसाला माहीत आहे. म्हणजे ज्या काचांतून गोट्या बघत मी त्याच्या हाताच्या नावाने बोटे मोडत होते, त्या त्यानेच घासल्या होत्या. त्या दिवशी मी रडले. खालून सकाळी काच घासायचे चाक फिरल्याचा आवाज आला की मला कळते, तो आला, तो बरा आहे. मग मी चहा टाकते.

ती घासलेली गोटी मी त्याला देत आहे. ती तिन्ही खणांत नाही. माझ्या उशाच्या डबीत आहे. संग्रहात तिची किंमत शून्य. माझ्या मृत्यूनंतर भाचीने ती त्याच्या हातात ठेवावी आणि सांगावे की ताई रागावलेली नव्हती. हे मला तोंडाने सांगता आले असते तर हे कलम लागले नसते. गुरुवारच्या आत तो वर येईल, अशी मला आशा नाही, इच्छा आहे.

पुरवणी, सहीच्या दिवशी लिहिलेली

आज सहीसाठी वकीलबाई आणि सिस्टरबाई वेळेवर आल्या. दुसरा साक्षीदार म्हणून समोरचा शिंपी यायचा होता, तो तापाने फणफणला. भाची म्हणाली, "थांबा, मी आणते कुणाला तरी," आणि खाली पळाली. थोड्या वेळाने चाक थांबले. मग जिन्यावरून जड पावले आली आणि दुसरी पायरी करकरली. मी झोपेचे सोंग घेतले नाही.

घाश्या दारात उभा राहिला. केस सगळे पांढरे झाले आहेत, हातांना ती पूड तशीच. माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुठं करायची सही?"

वकीलबाईंनी त्याला थांबवले. "काका, कलम पाचमध्ये तुम्हाला एक वस्तू ठेवली आहे. साक्षीदार झालात तर ती मिळणार नाही. बघा, दुसरं कोणी मिळेल."

"काय वस्तू?"

"गोटी," मी म्हटले.

"कुठली?"

"कुठली काय विचारतोस, मेल्या!"

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "मला नको. ताई गेल्यावरचं मला काही नको. द्या इकडं पेन."

मग मात्र माझे डोके फिरले. डॉक्टरांनी ज्या आवाजात बोलायला मनाई केली आहे त्या आवाजात मी म्हटले, "गेल्यावरचं नको ना? मग आत्ता घे!" आणि डबी उघडून गोटी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उजेडात धरली. अंगठा फिरवत फिरवत एका जागी थांबवला. जागा अचूक होती.

"इथं होतं ना ते? मला डाग वाटला गं."

"माहीत आहे रे," मी म्हटले. "किती सुंदर घासली आहेस. तेव्हा सांगायचं राहिलं."

सिस्टरबाई माझी नाडी बघू लागल्या. घाश्याने गोटी खिशात टाकली, माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, डावी काडी वाकली आहे म्हणून कुरकुरला, चिमटीत धरून सरळ केली, सदऱ्याने काचा पुसल्या आणि परत घातला. गालाला कुठेही टोचत नाही. मला सगळे स्पष्ट दिसत आहे, आणि या स्थितीत मी सही करत आहे.

कलम पाच रद्द. त्यातली वस्तू आता माझ्या मालकीची नाही.

सही: ताई, चष्मेवाली

साक्षीदार पहिली: शेजारची सिस्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. नाडी जलद, पण शुद्ध पूर्ण.

साक्षीदार दुसरा: काच घासणारा, सही करणारीचा धाकटा भाऊ. ताईने माझ्यासमोर सही केली. मला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. गुरुवारी तिला दवाखान्यात मी नेणार आहे आणि परतही मीच आणणार आहे.

ठिकाण: दुकानावरची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: गुरुवारच्या आधीचा सोमवार, सकाळ