हेडमास्तर खडकाच्या पुढचं पाठांतर

प्रिय भिंगरी,

तुझी सायकल अर्धी आली! पुढची अर्धी की मागची, असं विचारून मला चिडवू नकोस, सगळं ओळीने सांगतो. फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर मी आनंदाच्या भरात शेवट आधी सांगून मोकळा होतो आणि तू "बरं आबा, ठेवू का?" म्हणतेस. पत्रातून तुला तसं निसटता येणार नाही. एकच विनंती, तुझ्या आईला हे दाखवू नकोस. दाखवावंच लागलं तर मधली पानं काढून ठेव आणि फक्त माझ्या गुडघ्याची खुशाली वाचून दाखव. गुडघा उत्तम आहे, हे खास तिच्यासाठी इथेच लिहून ठेवतो.

गेल्या महिन्यात तुझा फोन आला तेव्हा मी शेंगा सोलत बसलो होतो. "आबा, मी परत डोंगरावर सायकल घेऊन जाणार," असं तू म्हणालीस आणि त्यानंतरचे सगळे दाणे मी केरात टाकले आणि सालं पातेल्यात. डोंगरावर पडून तुझ्या मांडीत सळई बसवल्यापासून दोन वर्षांत तुझ्या तोंडून सायकल हा शब्द ऐकला नव्हता. आणि आता एका दमात जाड टायर काय, रुंद हँडल काय, पुढच्या चाकाचे स्प्रिंग असे की दगडावरून जाताना गादीवरून गेल्यासारखं वाटेल काय! तू दहा वर्षांची असताना शाळेतून धावत येऊन दप्तर न काढताच जशी बोलायचीस, तसा तो आवाज होता. मी तो दिवसभर कानात घेऊन फिरलो. मग आठवड्याने दुसरा फोन. पोहायला शिकवण्याचे पैसे तासावर मिळतात, महिन्याच्या पगाराची पावती नाही, म्हणून सायकल हप्त्याने देत नाहीत. "जाऊ दे आबा, खूळच होतं ते." संपलं. किती पटकन म्हणालीस गं! पण मी आयुष्यभर पाण्याची मीटरं वाचली आहेत. घरमालक दारातून सांगायचा, सगळे नळ बंद आहेत, कोणी पाणी वापरत नाही. मी आकड्याने लोखंडी झाकण उचलायचो आणि खाली तबकडीवरचा काटा हळूहळू थरथरत असायचा. मी कधी वाद घातला नाही. आकडा टिपायचो आणि पुढच्या घराकडे वळायचो. त्या दिवशी तुझ्या बोलण्याखाली मला तसाच एक काटा हलताना ऐकू आला. असो, ते पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून तू सांगितलेल्या त्या सायकलच्या दुकानात गेलो. मालकीण चाक उलटं टांगून त्याच्या तारा पिळत होती, नखांत वंगण, कानामागे पेन्सिल. तुझं वर्णन सांगायची गरजच पडली नाही. "ती पोहायला शिकवणारी ना? येते, बसते, ब्रेक दाबते, उतरते आणि जाते. मला वाटलं, सायकलच्याच प्रेमात पडलीय, विचारायला लाजतेय!" मग तिने ती दाखवली. भिंगरी, काय रूप आहे गं! शेवाळासारखा हिरवा रंग, हँडल दाराच्या चौकटीएवढं आणि सीट इतकी खाली की मला वाटलं कोणीतरी ती लावताना मध्येच जेवायला गेलं. मी हँडलवर जरा भार दिला तर पुढचा भाग खाली बसला आणि सावकाश वर आला, जसा काही मला वाकून नमस्कारच केला. किंमत ऐकून मी विचारलं, यात डोंगरही येतो का? आणि बेल कुठाय? मालकीण हसून म्हणाली, "आजोबा, हिला बेल नसते. उतारावर समोर कोणी आलंच तर ओरडायचं." मला हे मुळीच पटलेलं नाही. कोपऱ्यात हप्त्यांचं टेबल होतं. तिथल्या टाय लावलेल्या गृहस्थाने अदबीने माझं वय विचारलं, कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि म्हणाला, "हप्ते संपेपर्यंत तुमचं वय नियमात बसत नाही, आजोबा." मी म्हटलं, माझं वय माझ्यातही बसत नाही, पण मी चालवून घेतो. त्याला हसू आलं, कॉम्प्युटरला आलं नाही.

तर मग पैसे कुठून? इथे आमच्या पाठांतर मंडळाची एंट्री. तुला माहीतच आहे, दर गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही म्हातारे जमतो आणि शाळेतल्या कविता न बघता म्हणतो. तू एकदा आली होतीस आणि खिडकीत बसून सगळा खाऊ संपवला होतास. त्याच मंडळाची भिशीही आहे, हे तुला कधी सांगितलं नसेन. प्रत्येकाने महिन्याला ठरलेली रक्कम डब्यात टाकायची, चिठ्ठी निघेल त्याला सगळी मिळायची, आणि तो पुढे आपला वाटा भरत राहणार. जगात सगळीकडे असते तशीच. पण आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी, तिला एक शेपूट जोडलं आहे. चिठ्ठी निघाली म्हणून डबा मिळत नाही. उभं राहून एक अख्खी कविता म्हणायची, एकदाही न अडखळता. अडखळलास की डबा पुढच्याला. गेल्या वर्षीच्या फेरीत आमच्यातल्या कंपाउंडरने आपल्या नव्या कवळीसाठी कविता म्हटली तीही जुनी कवळी हातात धरून, आणि तरी एक अक्षर चुकला नाही. मोठ्या बाईंनी टाळी वाजवली, पण मान दुसरीकडे वळवून.

आणि या महिन्यात चिठ्ठी कोणाची निघाली असेल? माझी! मी खुर्चीतून असा उठलो की बस चालवून रिटायर झालेला आमचा ड्रायव्हर म्हणाला, "अरे, गाडी थांबू दे, मग उतर!" कशासाठी हवेत, असं विचारायची पद्धत आहे. मी म्हटलं, डोंगर उतरायच्या सायकलसाठी. खोलीत हशा पिकला. कंपाउंडर म्हणाला, "या वयात? मग टिंक्चर घेऊन खाली उभा राहतो." मी सांगितलं, माझ्यासाठी नाही, नातीसाठी. तुझ्या पडण्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तू दवाखान्यात होतीस तेव्हा आळीपाळीने त्यांनीच मला जेवायला घातलं होतं.

मी चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता म्हणायला घेतली. ही कविता मी किती घरांच्या मागच्या गल्ल्यांतून म्हणत फिरलोय! झाकण उचलताना एक ओळ, आकडा लिहिताना एक ओळ. पहिलं कडवं खणखणीत. दुसरं त्याहून बरं. तिसऱ्याला तोंड उघडलं आणि भिंगरी, तिथे काहीच नव्हतं. अडखळलो नाही, अडखळायलाही जिभेवर काहीतरी असावं लागतं. ओळखीच्या गल्लीत वळावं आणि पुढे भिंतच निघावी तसं झालं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, म्हणजे आता निकाल. आणि मला दुकानातली ती हिरवी सायकल दिसली, कोणीतरी दुसरंच तिला घेऊन चाललेलं. मी डोळे मिटले, दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे केले आणि माझ्या तोंडून आपोआप सुरू झालं: "वरून सुटलं, दोन पेडल, मग सोडून दे..."

आठवतंय ना? शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तू माझ्या जेवणाच्या टेबलाशी डोळे मिटून बसायचीस आणि अख्खा उतार तोंडाने उतरायचीस. तुझ्या शिक्षकाची शिस्तच तशी होती. आधी पायी उतरून वाट बघायची, मग ती न बघता म्हणायची आणि मगच चाक लावायचं. तू म्हणायचीस आणि मी समोर बसून चुका काढायचो. चुका काढता काढता मलाच पाठ झालं, मी कधी त्या सायकलवर बसलोही नसताना! तर मी म्हणत गेलो. जिना आला, तिथे वजन मागे. कढई आली, तिथे उजवीकडे उंच चढून पाण्यासारखं खाली वाहायचं. चाळण आली, बारीक खडी, तिथे ब्रेकला हात लावायचा नाही, कितीही वाटलं तरी. मग जुळी झाडं, कोपरं आत. खोलीत कोणी खोकत नव्हतं. ड्रायव्हरचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता, मी मिटल्या डोळ्यांनी ऐकला. मग मी म्हटलं, "समोर हेडमास्तर, डावीकडून, आणि मान वर ठेवून." खडकाचं नाव हेडमास्तर आहे हे ऐकून मोठ्या बाईंची खुर्ची करकरली. "हे नाव का?" मी म्हटलं, सगळे त्याच्यापाशी येऊन थांबतात, बाई. आणि मीही थांबलो.

कारण पुढचं मला येत नाही. तू तिथेच पडलीस, त्यानंतर दरड कोसळली आणि हेडमास्तरच्या खालची वाट नव्याने आखली, हे तूच सांगितलं होतंस. ती अजून आपल्या टेबलापाशी कोणी म्हटलेलीच नाही. मी तसं सरळ सांगून टाकलं. ड्रायव्हर म्हणाला, "द्या हो बाई, मला तर गाडी लागल्यासारखं झालं!" मोठ्या बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "चूक एकही नाही. पण पाठांतर अर्धं झालं. अर्ध्याला अर्धं मिळेल." डबा उघडून त्यांनी बरोबर निम्मे पैसे माझ्यापुढे ठेवले आणि निम्मे परत ठेवून झाकण लावलं. उरलेली वाट जो कोणी न बघता म्हणेल, मी किंवा माझी नात, त्या दिवशी उरलेला डबा. कंपाउंडरने तक्रार केली की खडक म्हणजे कविता नव्हे. बाईंनी त्याला विचारलं, तुमच्या अंगावर शेवटचा काटा कधी आला होता? तो बसला.

मी तसाच दुकानात गेलो. मालकिणीने अर्धी रक्कम घेतली, सायकल खिडकीतून काढून आत ठेवली आणि हँडलला चिठ्ठी बांधली. नाव काय लिहू म्हणाली. मी सांगितलं, भिंगरी. महिनाअखेरपर्यंत ती कोणाला देणार नाही. माझी थोडी साठवण आणि उरलेला डबा मिळाला की हिशोब मिटतो. मला तू परत देशील ते जमेल तेव्हा, जमेल तेवढं. मला पगाराची पावती नको, तुझ्या हातची चहाची पावती चालेल, म्हणजे एक कप दर भेटीला.

आता बाळा, पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते. पैशाची अडचण अर्धी सुटली हे कळल्यावर तुला फक्त आनंदच होईल असं मला वाटत नाही. भीतीही वाटेल. हप्ते नाकारले तेव्हा तुला जरा सुटल्यासारखं वाटलं होतं, हो ना? तू त्या सायकलवर बसतेस, ब्रेक दाबतेस आणि उतरून जातेस. नळ बंद असल्याचं तू सांगितलंस, मी आकडा टिपून घेतला होता. त्यात लाजण्यासारखं काही नाही गं, तू पडलीस त्या दिवसापासून मीही खडकाच्या पुढे गेलेलो नाही. त्या दिवशी मी पायथ्याशी थर्मास घेऊन उभा होतो. चिखलाने माखलेलं एकेक जण खाली येत होतं, प्रत्येक वेळी मी तुझ्यासाठी कप भरत होतो आणि तो थंड झाला की मीच पीत होतो. दुसरं असं की नदीचं तिसरं कडवं मला घरी आल्यावरही आठवलेलं नाही. काल नाही, आज सकाळीही नाही. तेव्हा नवं काही पाठ करायचं असेल तर ते आत्ताच केलेलं बरं, एवढंच मी मनाशी ठरवलंय, आणि तू त्यावर फोन करून रडारड करायची नाही. येत्या रविवारी ये. आपण दोरावरच्या पाळण्यातून वर जाऊ आणि हेडमास्तरपासून खाली पायी उतरू, सावकाश, माझ्या गुडघ्याच्या चालीने. तू वाट बघ, मी शब्द लावतो. वळणांना नावं अजून कोणी दिली नसतील, तर ती आपणच देऊ. गुरुवारी दोघं मंडळात उभे राहू आणि वरून पार खालपर्यंत म्हणू. त्यानंतरही तुला चाक लावावंसं वाटलं नाही तर मी मालकिणीला तसं सांगेन आणि उरलेला डबा पुढच्या नंबराला जाऊन कंपाउंडरला कपडे धुवायचं मशीन मिळेल, तो त्याच आशेवर आहे. पण लावावंसं वाटलं, तर या खेपेला मी थर्मास घेऊन पायथ्याशी थांबणार नाही. मी हेडमास्तरच्या शेजारी उभा असेन. बेल मी घेतलीच आहे, पितळेची, माझ्या खिशात. तू जुळ्या झाडांतून बाहेर पडलीस की मी ती वाजवीन, म्हणजे डावीकडे कोण आहे ते तुला न बघता कळेल. रविवारी सायकल नसेल. चालायचे बूट घालून ये.

पुढच्या वळणाची वाट बघणारा,
तुझाच,
आबा