ईदपर्यंत गुडघे वाकावेत

९ जानेवारी

गोळ्या हरल्या. डॉक्टरीणबाईंनी आज स्पष्टच सांगितलं. दीड वर्ष न चुकता घेतल्या, तरी बोटं आणि गुडघे सुजलेलेच. आता इंजेक्शन. दोन प्रकारची आहेत. एक दर पंधरा दिवसांनी, घरीच पोटात टोचायचं. बऱ्याच जणांना लवकर गुण येतो. दुसरं महिन्यातून एकदा, शहरात जाऊन, सलाईनमधून. त्याला वेळ लागतो. "घरी बोला, मग ठरवू," म्हणाल्या.

मी आधी ईद किती लांब आहे ते मोजलं. मार्चच्या अखेरीस. पहिलं घेतलं तर तोवर गुडघे वाकतील.

गेल्या ईदला घरातले सगळे एकेक करून बापाकांपुढे गुडघे टेकून बसले, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून वर्षभराची माफी मागितली. मी खुर्चीवर बसून मागितली. बापाक माझे सासरे, पण त्याआधी माझे उस्ताद. अठराव्या वर्षी त्यांच्याकडे सावरीचा कापूस पिंजायला आलो. गादीला टाका कसा घालायचा ते त्यांनीच शिकवलं. त्या दिवशी ते हसून "मिळाली, मिळाली माफी" म्हणाले. मला मात्र ती पोचल्यासारखी वाटली नाही.

११ जानेवारी

सुमियातीने दुकानातल्या फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा केला. इंजेक्शन थंडीत ठेवावं लागतं.

"अजून ठरलं नाही," मी म्हणालो.

"तुमचं ठरलंय. नवऱ्याचं तोंड वाचता येतं मला."

बापाक ओट्यावर लवंगेची सिगारेट ओढत ऐकत होते. "तीस वर्षं गाद्यांना भोसकलंस," म्हणाले, "आता गाद्यांची पाळी." हसता हसता त्यांना खोकला आला. मग मलाही. सुमियाती म्हणाली, घरात दोन बेडूक पाळलेत, एक थांबला की दुसरा सुरू होतो.

माझा खोकला कापसाचा. पिंजताना उडतो, नाकातोंडात जातो. या धंद्यात कोण खोकत नाही?

१५ जानेवारी

तपासणीला गेलो. बापाक बरोबर आले, कागदांची पिशवी त्यांनीच धरली. बाईंनी समजावलं – पहिल्या इंजेक्शनाने छातीत झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. दुसऱ्याने ती भीती कमी, पण आहेच. म्हणून आधी रक्त तपासायचं, छातीचा फोटो काढायचा.

मग विचारलं, "घरात कुणाला जुना खोकला?"

बापाक शेजारच्या खुर्चीत होते. मांडीवर पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. परक्या बाईसमोर त्यांच्याकडे बोट कसं दाखवू?

"नाही," मी म्हणालो.

बापाकांनी पिशवी उचलली. येताना त्यांनी मला बसमध्ये खिडकीची जागा दिली.

२२ जानेवारी

रक्तात क्षयाची खूण निघाली. फोटोत उजवीकडे लहानसा डाग. जुनाही असेल, म्हणाल्या. आता घरातल्या तिघांची थुंकी तपासायची. तोवर दोन्ही इंजेक्शनं बंद. जंतू दिसले तर आधी सहा महिने क्षयाच्या गोळ्या, बाकी सगळं नंतर.

सहा महिने. म्हणजे ईद गेली.

२३ जानेवारी

पहाटेच्या नमाजाला मागच्या भिंतीशी माझी खुर्ची असते. बापाक नेहमी तिच्या शेजारी बसतात, मी एकटा पडू नये म्हणून. आज दर खोकल्यासरशी माझं ध्यान उडत होतं. किती वर्षं या खोकल्याशेजारी बसलोय! त्यांच्यामुळे मला सजदा नाही, कपाळ जमिनीला टेकणं नाही, असं मनात आलं. नमाजात आलं. इथे लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

२५ जानेवारी

बापाकांचा पेला वेगळा ठेवला. कुणाला न सांगता, फळीच्या टोकाला. सुमियातीने पाहिलं. म्हणाली, "तुम्ही ठेवलात?" मी सुतळी शोधत राहिलो.

२६ जानेवारी

बापाकांना कळलं. दुपारी आपली चटई गुंडाळली आणि मागच्या कापसाच्या कोठीत नेऊन अंथरली. "तिथे ऊब असते," लेकीला म्हणाले. रात्रीचा भात, सोयाबीनचं टेम्पे तिथेच जेवले. ताटली स्वतः विसळली.

थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही.

२८ जानेवारी

तिघांनी थुंकीच्या डब्या दिल्या. बापाकांना पहिल्याने जमेना. नर्स म्हणाली, "आजोबा, खोलातून काढा." ते म्हणाले, "बाई, घरी असलो की खोकला न मागता येतो, इथे लाजतोय." सगळे हसले. मी हसलो नाही.

माझी डबी लगेच भरली.

३१ जानेवारी

पहाटे बापाक मशिदीत पुढच्या रांगेत, अगदी टोकाला बसले. माझ्या शेजारची जागा रिकामी.

लुंगीला हल्ली एक वळसा जास्त बसतो. दुखण्यात जेवण जात नाही.

३ फेब्रुवारी

निकाल आला. सुमियाती साफ. बापाक साफ. त्यांचा खोकला सिगारेटचा. जंतू माझ्या थुंकीत.

४ फेब्रुवारी

बापाकांची चटई कोठीतून आणून जुन्या जागी अंथरली. माझी कोठीत नेली. मग तोंडाला फडकं बांधलं आणि ओट्यावर त्यांच्यापुढे गुडघे टेकले. पूर्ण टेकले. "अरे, ईद कुठे आहे अजून," म्हणाले आणि सिगारेट खाली ठेवली. मला उठवायला दोघं लागले.