कलम सात आणि एक टोमॅटो

२ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून शेती. बाल्कनीत. निर्णय पक्का.

व्हिडिओतल्या माणसाने खिडकीच्या कठड्यावर दुधी काढला. आमच्याकडे तर अख्खी बाल्कनी आहे, नळ आहे आणि मी आहे. अजून काय लागतं?

बायकोचा मात्र बाल्कनीवर आधीपासून डोळा. तिथे कपड्यांसाठी दोरी बांधायची आणि सकाळच्या चहाला खुर्ची टाकायची असं तिच्या मनात केव्हापासूनचं. बरीच हुज्जत झाली. शेवटी करार: एप्रिल संपेपर्यंत बाल्कनी माझी. तोवर घरी पिकवलेला एक टोमॅटो तिच्या हातात ठेवला तर कायमची माझी. नाहीतर तिची दोरी, तिची खुर्ची, आणि मी पुन्हा शेतीचं नाव काढायचं नाही.

एक टोमॅटो! मनातल्या मनात हसलो. बाईमाणसाला शेतीतलं काय कळणार. टोपलीभर देईन. क्लासला निघालेल्या मुलीला साक्षीदार केलं. ती फक्त बरं म्हणाली.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ

नर्सरीत जाऊन आलो. कुंड्या, माती, कोकोपीट, खत, स्प्रेपंप, हातमोजे, गवती टोपी. सगळं रिक्षात भरल्यावर नर्सरीवाल्याने विचारलं की साहेब, बी कुठलं देऊ. बी राहिलंच होतं. टोमॅटो, पालक, मिरची घेतली.

टोपी घालून आरशात पाहिलं. शेती रक्तातच असावी लागते.

९ फेब्रुवारी

कोथिंबिरीसाठी घरातल्याच डब्यातले धणे पेरले. बी विकत घेणारे लोक मूर्ख.

२३ फेब्रुवारी

टोमॅटोला कोंब! पालकही वर आला. धणे अजून विचार करताहेत.

सोमवारी ऑफिसात जाहीर करणार आहे. पुढच्या महिन्यापासून सगळ्या सेक्शनला ताजी भाजी माझ्याकडून.

२४ फेब्रुवारी

जाहीर केलं. साहेबांनी वांगी मागितली. वांगी लावलेली नाहीत, पण साहेबांना नाही म्हणायची आपली पद्धत नाही.

घरी आलो तर मुलीने सांगितलं की आई धणे भाजून ठेवते. म्हणजे इतके दिवस मी मसाल्याला पाणी घालत होतो. बायको हसून हसून खाली बसली. मी तिला सांगितलं की तो प्रयोग होता. प्रयोगात असंही होतं.

५ मार्च

पालकाने मान टाकली. पाणी वाढवलं. सकाळी एकदा, ऑफिसातून आल्यावर एकदा, आणि जेवण झाल्यावर मायेपोटी एकदा.

खालच्या मजल्यावरचे काका, निवृत्त हेडमास्तर, आपल्या बाल्कनीतून वर बघून जोरजोरात हात हलवत होते. मीही हलवला. काहीतरी ओरडूनही म्हणाले, पण रस्त्यावरच्या गाड्यांत ऐकू आलं नाही. बहुधा छान म्हणाले. शिक्षकी पेशातल्या माणसाला कौतुक करायची सवय असते.

१४ मार्च

काका हल्ली बाल्कनीत छत्री उघडून पेपर वाचतात. ऊन सोसत नसेल. वय झालं की होतं असं.

घरच्या घरी खत करायला घेतलं. सालं, देठं, चहाचा चोथा, सगळं बादलीत घालून सिंकखाली ठेवलं. बायकोने विचारलं की आपल्याकडे उंदीर मेलाय का. मुलगी अभ्यासाला मैत्रिणीकडे जाते, परीक्षा संपेपर्यंत तिकडेच राहू का विचारत होती. शेतकऱ्याच्या घरात वास यायचाच. मोठं काही करायला निघालं की आधी घरचेच नाक मुरडतात.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून झाडांशी बोलायचं. व्हिडिओत सांगितलंय.

१५ मार्च

उठलो नाही. रविवार असता तर गोष्ट वेगळी होती.

२६ मार्च

पालक गेला. मिरचीही गेली. पण यात एक फायदा आहे, आता सगळं लक्ष टोमॅटोवर देता येईल. मोठे शेतकरी एकाच पिकावर भर देतात.

टोमॅटोला फुलं आली आहेत! परागीभवन ब्रशने करायचं असतं. घरात एकच मऊ ब्रश, तो बायकोच्या मेकअपच्या डब्यातला. फुलांवरून हळुवार फिरवला आणि जागच्या जागी ठेवला.

२७ मार्च

बायको मैत्रिणीच्या पार्टीला गेली आणि तिथे तासभर शिंकत होती म्हणे. एका गालावर पिवळा पट्टा. ब्रशबद्दल विचारलं. मी म्हटलं, हवा बदलतेय.

८ एप्रिल

फळ धरलं. वाटाण्याएवढं. हिरवंगार.

डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. ऑफिसात वीस वर्षं फायली इकडून तिकडे करतोय, पण माझ्या हातून एखादी वस्तू अशी तयार झालेली आजवर पाहिली नव्हती. एकच फळ आहे, बाकीची फुलं गळली. एकच धरलं म्हणून काय झालं, गर्दी झाली की दर्जा जातो.

त्याला दृष्ट लागू नये आणि बायकोला आधी कळू नये म्हणून वर्तमानपत्राचा शंकू करून झाकून ठेवलं.

१९ एप्रिल

आनंदाची बातमी! लिफ्टजवळच्या बोर्डावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी सूचना लावली आहे. आमच्या फ्लॅटचा नंबर आणि पुढे, बाल्कनीबाबत कलम ७ लावण्यासाठी येत्या २७ तारखेला रविवारी सभा, संबंधितांनी हजर राहावे.

कलमं! सात! सोसायटी माझ्या बाल्कनीत सात कलमं लावणार. लिंबाची की पेरूची ते लिहिलेलं नाही. काम बोललं की माणसाला बोलावं लागत नाही, ते हे.

मुलगी म्हणाली की बाबा, सात कलमं नाही, कलम सात लिहिलंय. सेक्रेटरींचं व्याकरण कच्चं आहे. आकडा मागे काय, पुढे काय, त्यावरून झाड थोडंच अडतं?

२० एप्रिल

सात मोठ्या कुंड्या आणल्या. बाल्कनीत उभं राहायला जागा उरली नाही. हात लांब करून पाणी घालतो.

बायको म्हणाली, सूचना पुन्हा नीट वाचा. जळफळाट. बाल्कनी हातची चालली ना.

भाषण लिहायला घेतलं. सुरुवात अशी: आपण सर्वांनी माझा जो सन्मान केलात.

२४ एप्रिल

कमिटी पाहणीला येईल, झाड टवटवीत दिसलं पाहिजे. पाणी दुप्पट केलं. काका खालून खूप वेळ ओरडत होते. त्यांनाही बातमी कळलेली दिसते.

२६ एप्रिल

लाल झाला! पूर्ण लाल! द्राक्षापेक्षा मोठा. थोडासाच, पण मोठा.

बायको स्वयंपाकघरात होती. चार पावलांवर. आत्ता तोडून हातात ठेवला असता तर काम झालं असतं. पण असं काय, ओट्याशी उभ्या बाईच्या हातात, कुकरच्या शिट्ट्यांत? आधी सभेत मांडायचा. टाळ्या पडतील. मग घरी आणून द्यायचा. शंकू पुन्हा नीट बसवला.

२७ एप्रिल, दुपार

कलम सात झाडाचं नाही. सोसायटीच्या नियमांतलं आहे.

टोमॅटो बशीत ठेवून, भोवती विकतची कोथिंबीर सजवून सभेला गेलो होतो. बशी टेबलावर बिस्किटांशेजारी ठेवली. सेक्रेटरींनी वाचून दाखवलं की बाल्कनीतून खाली पाणी पडत असेल तर कुंड्या हटवाव्यात, तेच कलम सात. मग काका उभे राहिले. त्यांनी लगदा झालेले पेपर दाखवले, गंजलेली छत्री दाखवली, आणि सांगितलं की मार्चपासून ते ओरडताहेत आणि मी वरून त्यांना टाटा करतोय.

उत्तर द्यायला मी उठलो. खिशात एकच भाषण होतं, तेच वाचलं. आपण सर्वांनी माझा जो सन्मान केलात इथपर्यंत आल्यावर कोणीतरी पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. मी थांबलो. म्हटलं, शब्दांनी काय होतं, पुरावाच दाखवतो, आणि बशीकडे वळलो.

बशीत फक्त कोथिंबीर होती. काका काहीतरी चघळत होते.

मी म्हटलं की काकांनी माझं पीक खाल्लं. सेक्रेटरींनी विचारलं, सगळं? मी म्हटलं, सगळं. काकांनी शांतपणे सांगितलं की द्राक्ष समजून उचललं, भलतंच आंबट निघालं.

ठराव एकमताने मंजूर. कुंड्या बुधवारपर्यंत हटवायच्या.

२७ एप्रिल, संध्याकाळ

बायकोला सगळं सांगितलं. करार पूर्ण झाला, टोमॅटो आला होता, साक्षीदार आहे म्हणालो आणि तिला घेऊन खाली गेलो. काका आयुष्यात खोटं बोललेले नाहीत, सगळी सोसायटी सांगते. त्यांनी तिच्याकडे बघून ठामपणे सांगितलं की वहिनी, ते द्राक्ष होतं.

जिन्यात बायकोने विचारलं, खरंच टोमॅटो होता? मी म्हटलं, हो. लाल? हो. कधी झाला? काल.

ती पायरीवर थांबली. काल मी घरातच होते ना, म्हणाली. मग सांगितलं की शंकू तिने पहिल्याच आठवड्यात उचलून पाहिला होता. रोज सकाळी बघायची, केर काढायच्या निमित्ताने. हिरवा असता तरी चाललं असतं तिला. खुर्ची हॉलच्या खिडकीपाशी ठेवायचं तिने ठरवूनही टाकलं होतं. फक्त मी कधी आणून देतोय त्याची वाट बघत होती.

टाळ्यांसाठी थांबलो होतो, हे कोणत्या तोंडाने सांगणार? फार वाईट वाटलं.

३० एप्रिल, सकाळ

कुंड्या गेल्या. दोरी मीच बांधली. बायकोने स्टूल धरलं होतं, एकदाही हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

मग तिने खुर्ची टाकली, चहा घेतला. मीही कठड्याला टेकून उभा राहिलो. ऊन खरंच छान येतं इथे. दोन घोट घेतल्यावर तिने विचारलं, चवीला कसा होता हो आपला टोमॅटो?

मी कुठे खाल्लाय? आंबट होता म्हणे, एवढंच सांगता आलं.