गाल टेकवून उचललास

१२ जानेवारी

प्रिय दादास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आम्ही ठीक आहोत. वहिनीचा खोकला कसा आहे? मुलांना माझे आशीर्वाद सांग.

तुझ्या काडतुसांच्या दुकानाला सील लागल्याचं कळलं. ते कळेलच, अर्ज माझाच होता.

तू लिहितोस, ‘झालं गेलं विसर, तक्रार मागे घे.’ काय काय विसरू? क्लबवर नेमबाजीच्या सरावात तुझी काडतुसं भरली, तर दोनदा नुसतं टक झालं, गोळी सुटलीच नाही. नियमाप्रमाणे थांबून मी ती काडतुसं काढली. तिसरं भरलं, ते बुडाशीच फुटलं. पितळेचा कपचा उजव्या डोळ्यात गेला. नेम धरायचा डोळा तो. तूच शिकवला होतास ना धरायला?

दवाखान्यात तू माझा हात धरून रडलास, आणि तिथून उठून थेट क्लबच्या सेक्रेटरीकडे गेलास. “रायफलची निगाच राखली नाही,” म्हणालास. क्लबच्या रायफलींची निगा ह्यांच्याकडे होती. ह्यांची नोकरी गेली. त्या दिवसापासून हे रायफलीला हात लावत नाहीत. घरातलं दार उघडतानासुद्धा दोनदा बघतात.

खरं काय ते मला कळलं वहिनीकडून. बिचारी माझ्या उशाशी बसून सहज बोलून गेली, की तुझ्या गोदामात पाणी शिरलं तेव्हा काडतुसं गच्चीवर वाळवली, पुसून नव्या खोक्यांत भरली. या बारीक काडतुसांची ठिणगीची दारू बुडाच्या कडेतच असते. ओल लागली की ती मरते आणि पितळही गंजून कमजोर होतं. हे तुला मी सांगायला हवं?

मी तुझ्याशी भांडले नाही. मला तुझी माफी नको होती, तू चार लोकांत उघडा पडायला हवा होतास. म्हणून चौकशीच्या दिवशी नवीकोरी रायफल मागवली, तुझंच खोकं फोडलं आणि चौकशीला आलेल्या साहेबांसमोर तुला म्हटलं, “दादा, आता रायफल नवी आहे. एकच गोळी झाड.”

तू हसलास. “माझा नेम कुठे राहिलाय आता?”

“नेम नको. नुसता चाप ओढ.”

तू रायफल खांद्याला लावलीस. गाल टेकवलास. आणि उचललास. रायफल टेबलावर ठेवून म्हणालास, “पाठ दुखतेय माझी.” साहेबांनी टोपण काढून लिहायला घेतलं.

तुझा तो चेहरा मी एका डोळ्याने पाहिला, पण पोटभर पाहिला. त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

तक्रार मागे घेणार नाही. खटला उभा राहील तेव्हा पहिली साक्ष माझी असेल. मी वेळेवर येईन. वहिनीला आणि मुलांना लागेल ते माझ्याकडे मागायला सांग, त्यांना मी काही कमी पडू देणार नाही. तू मात्र माझ्या दारात येऊ नकोस.

तुझी,
आता फक्त सरकारी कागदावरची बहीण